पहिल्या दातापासून ब्रश: बाळाचे दात घासायची सवय कशी लावायची

पाणी पाजताना वाटीच्या कडेला टक् असा आवाज येतो आणि घरात सगळ्यांना कळतं, बाळाला दात आला. त्या दिवशी कौतुक भरपूर होतं. पण तो दात घासायचा का, कशाने, कधीपासून, आणि बाळ तोंडच उघडत नसेल तर काय करायचं, हे नव्या आईबाबांना सहसा कुणी नीट सांगत नाही. माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टरांना विचारत, घरातल्या मोठ्यांशी बोलत आणि रोज करून बघत जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. कोल्हापुरातल्या घरांत हमखास निघणारे प्रश्नही त्यात घेतले आहेत.

घाईत असाल तर एवढंच वाचा: रात्रीचं शेवटचं दूध झालं की मोठ्या माणसाने बाळाचे दात घासायचे आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाणी, अंगावरचं दूध किंवा गरजेचं औषध ह्यांशिवाय काही द्यायचं नाही. पुढची सगळी खटपट हे एक काम रोज घडावं म्हणून आहे.

१. आधी घरात एकमत करा

"दुधाचंच दात हाईत, पडणारच की!" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार. आज्जीकडून, शेजारच्या काकूंकडून, कधी नवऱ्याकडूनही. त्याला उत्तर तयार ठेवा, कारण घरातलं एक माणूस घासतंय आणि दुसरं "राहू दे, रडतंय बिचारं" म्हणून उचलून घेतंय, अशा घरात सवय लागत नाही.

दुधाचे दात एकूण २० असतात. साधारण सहाव्या महिन्यात खालचे मधले दोन पटाशीचे दात येतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे दीड वर्षाच्या बाळाला आलेली दाढ त्याला पाचवी-सहावीपर्यंत पुरायची असते. ती मध्येच किडली तर मूल एका बाजूने चावतं, रात्री उठून रडतं, पू झाला तर गाल सुजतो. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही.

हे आज्जींना वाद घालून पटत नाही, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. म्हणून बाळाच्या पहिल्या दंततपासणीला त्यांनाही सोबत न्या. आणि त्यांना काम द्या. आमच्याकडे सकाळचा ब्रश आज्जींकडे आहे. एकदा जबाबदारी त्यांची झाली की त्या आपल्यापेक्षा काटेकोर असतात.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावी लागते, आणि ती लवकर सांगा. आपल्या भागात अजून बऱ्याच घरांत बायका मिश्री लावतात. बाळाच्या हिरड्या शिवशिवतात म्हणून तेच बोट बाळाच्या हिरडीवर फिरवलं जातं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन बाळाच्या अंगात जातं आणि एवढ्याशा जिवाला थोडंही विषारी ठरू शकतं. राखुंडी, मीठ, लाल दंतमंजन हेही बाळासाठी नको. ते खरखरीत असतं आणि दुधाच्या दातांवरचं आवरण मुळातच पातळ असतं.

२. काय काय लागेल

यादी छोटी आहे. महागडा संच घ्यायची गरज नाही.

– दोन-तीन मऊ सुती फडकी. जुन्या मलमलीचे, धुऊन उकळलेले तुकडे उत्तम.
– बाळाचा ब्रश: डोकं लहान, केस अगदी मऊ, दांडा आपल्या हातात बसेल एवढा लांब. दुसरा एक स्वस्तातला ब्रश बाळाच्या हातात द्यायला.
– फ्लोराइड असलेली टूथपेस्ट (ह्याबद्दल पुढे सविस्तर).
– मोबाइलची टॉर्च, मागच्या दाढा बघायला.
– एक टॉवेल.

बोटात घालायचे सिलिकॉनचे ब्रश मिळतात. हिरड्या चोळायला ते बरे, पण दाढा आल्यावर त्यांनी खाचा साफ होत नाहीत, आणि बाळ कडकडून चावतं ते वेगळंच.

ब्रश वापरून झाला की धुऊन उभा ठेवा, वारा लागू द्या. मोठ्यांच्या ब्रशांना चिकटून एकाच पेल्यात ठेवू नका. तीन महिन्यांनी किंवा केस फिसकटले की त्याआधीच बदला.

३. दात यायच्या आधी: हिरड्या पुसा

हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. हात धुवा, फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळा, बोटाला गुंडाळा आणि वरची-खालची हिरडी हलकेच पुसा. दिवसातून एकदा, शक्यतो संध्याकाळी अंग पुसून कपडे बदलताना. ह्याने हिरड्या स्वच्छ होतात हा एक भाग झाला. त्याहून मोठा फायदा असा की आपलं बोट रोज तोंडात जातं ह्याची बाळाला ओळख होते. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पुसलेलं बाळ आठव्या महिन्यात ब्रशला फारसं दचकत नाही.

४. दात येताना

लाळ गळते, मुठी तोंडात जातात, चिडचिड होते. धुतलेलं ओलं फडकं थोडा वेळ फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या, किंवा स्वच्छ बोटाने हिरडी दाबा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

इथले सापळे सांगते.

"दात येतायत म्हणून जुलाब होतायत" असं समजून थांबू नका. दात येण्याने जुलाब होत नाहीत आणि ताप चढत नाही, फार तर अंग किंचित कोमट लागतं. ह्याच वयात बाळ रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं, त्यातून जंतुसंसर्ग होतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, जुलाब झाले, तर ओआरएस सुरू करा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा.

हिरडी बधिर करणारी जेल लावू नका. त्यातल्या बेन्झोकेन ह्या औषधामुळे क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ते वापरू नका, असा इशारा दिला होता. दुकानात मिळतात त्या दात येण्याच्या गोड गोळ्याही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत.

खारीक चोखायला द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आता देऊ नका. तिचा गोड चिकटा दाताला तासन्‌तास लागून राहतो आणि तुकडा तुटला तर घशात अडकतो.

वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, असं म्हणतात. काही बाळांचा क्रम तसा असतो, त्यात कुणाचं काही वाईट होत नाही. मामाला निश्चिंत राहू द्या. वर्ष होऊनही एकही दात नसेल तर पहिल्या तपासणीत विचारा. दीड वर्षापर्यंत आला नाही तर मात्र थांबू नका, मुद्दाम दाखवून घ्या.

५. पहिला दात, पहिला ब्रश, आणि पेस्ट किती

पहिला दात दिसला त्याच आठवड्यात ब्रश सुरू करा. "चार-सहा दात येऊ देत, मग बघू" म्हणत थांबलं की बाळाचं नाही म्हणायचं वय येऊन ठेपतं.

पेस्टच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ असतो. दातावरच्या चिकट थरात जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताच्या आवरणातले क्षार निघून जातात. फ्लोराइड हे क्षार परत बसायला मदत करतं. दात किडण्यापासून वाचवणारा पेस्टमधला मुख्य घटक तोच आहे. फेस आणि वास ह्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

दुकानात 'बेबी' म्हणून मिळणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. खोक्यावर कार्टून असतं, चव फळाची असते आणि घटकांच्या यादीत फ्लोराइडचा पत्ता नसतो. म्हणून खोका उलटून वाचा. सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असं काही लिहिलंय का, आणि किती पीपीएम (पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग), ते बघा. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे.

पेस्ट किती घ्यायची? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या एका दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लांब वळी बाळाला कधीच नको. तांदळाएवढ्या पेस्टचं वजन साधारण ०.१ ग्रॅम भरतं. १००० पीपीएमची पेस्ट असेल तर त्यात ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड येतं. बाळाने तेवढं गिळलं तरी चालतं. रोज भरपूर पेस्ट पोटात गेली तर पुढे कायमच्या दातांवर पांढरे ठिपके येऊ शकतात, म्हणून प्रमाण मोठ्यांनीच काढायचं आणि ट्यूब उंचावर ठेवायची.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये पहिल्या दातापासून तांदळाएवढी फ्लोराइड पेस्ट वापरायचा सल्ला दिला. आपल्याकडे काही डॉक्टर बाळाला थुंकता येईपर्यंत थांबायला सांगतात. तेव्हा तुमच्या डेंटिस्टना स्पष्ट विचारा, आणि विचारताना पिण्याचं पाणी कुठलं ते सांगा. कोल्हापूर शहरात नळाला पंचगंगेचं किंवा काळम्मावाडीचं पाणी येतं, पण उपनगरात आणि गावांकडे बोअरचं पाणी पिणारी घरं आहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असं भारतीय मानक आहे. बोअरचं पाणी असेल तर एकदा तपासून घ्या. बदली होऊन यवतमाळ-चंद्रपूरकडून आलेल्या घरांनी हे नक्की सांगावं, तिकडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. डॉक्टर काहीही सांगोत, ब्रश थांबवायचा नाही. पेस्ट नको म्हणाले तर नुसत्या पाण्याने घासा.

६. बाळाला धरायचं कसं

बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. बाळ उभं, आपण समोर उभे, आणि ब्रश अंदाजाने आत. त्यात काही दिसत नाही, बाळ डोकं मागे घेतं आणि ब्रश हिरडीला लागतो.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना पाय पसरून बसतात, तसंच बसा. भिंतीला पाठ टेका. फक्त बाळाचं डोकं आपल्या पोटाकडे आणि पाय आपल्या पावलांकडे घ्या. आता तुम्ही वरून खाली बघताय, बाळाचं डोकं मांड्यांच्या मध्ये स्थिर आहे आणि उजेड नीट पडतोय. बाथरूममध्येच घासलं पाहिजे असं काही नाही. एवढ्याशा पेस्टला चूळ लागत नाही, तेव्हा पलंगावर किंवा वाकळीवर बसून छान जमतं.

बाळ जोरात पाय झाडत असेल तर दोघांनी करा. दोन मोठी माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. बाळाचा चेहरा एकाकडे, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. पहिला हात धरून बोलत राहतो, दुसरा घासतो. डेंटिस्टही लहान बाळांना असंच तपासतात, त्यामुळे ह्याची सवय तिकडेही उपयोगी पडते.

आता हाताचं काम. डाव्या हाताचं बोट ओठाच्या आत घालून ओठ वर उचला आणि बोट तिथेच राहू द्या. हे बोट फार महत्त्वाचं आहे. वरच्या ओठाच्या आतून मधोमध हिरडीला जोडलेली एक पातळ पट्टी असते. ब्रश तिच्यावर आदळला की चांगलंच दुखतं, आणि मग बाळ ब्रश बघूनच तोंड फिरवतं. पुष्कळ बाळांच्या रडण्याचं कारण ही पट्टी असते, हट्ट नसतो. बोटाने ती झाका.

ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे किंचित तिरका धरा आणि छोटे छोटे गोल फिरवा. जोर नको. वरच्या पुढच्या दातांपासून सुरुवात करा, कारण लहान बाळांत कीड बहुतेक तिथे आधी लागते. खालच्या पुढच्या दातांना जीभ आणि लाळ सांभाळते. मग आतली बाजू. एक वर्षानंतर दाढा येऊ लागतात, त्यांच्या वरच्या खाचांत ब्रश मागेपुढे फिरवा. दोन-चार दात असतात तोवर काम काही सेकंदांत होतं. सगळे दात आले की दोन मिनिटं लागतात.

दोन दात एकमेकांना चिकटून आले असतील तर त्यांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे दोरा कसा घालायचा ते डेंटिस्टकडून एकदा हातात घेऊन शिका.

७. रात्रीचा क्रम ठरवा

सकाळी एखाद्या दिवशी घाईत राहिलं तर समजू शकते. रात्रीचं सोडू नका. झोपेत लाळ खूप कमी सुटते आणि लाळच दात धुऊन काढत असते. दाताला दूध लागलेलं राहिलं तर जंतूंना रात्रभर मोकळं रान मिळतं.

क्रम असा: जेवण, शेवटचं दूध, औषध असेल तर औषध, ब्रश, गोष्ट, झोप. सगळ्यात अवघड काय, तर दूध आणि झोप ह्यांच्यामध्ये ब्रश घालणं, कारण बाळाला दूध पिता पिताच झोपायची सवय असते. म्हणून दूध अलीकडे ओढा. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी, दिवा चालू असताना, मांडीवर बसवून पाजा. बाळ पेंगायला लागल्यावर ब्रश काढलात तर भांडण ठरलेलंच.

बाटली तोंडात ठेवून झोपवणं ही दात किडण्याची सगळ्यात मोठी वाट आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीसमोर उभं राहून दूध पिणाऱ्या आपल्या गावात "रात्रीचं दूध कमी करा" हे मोठ्यांना रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. दूध बंद करायला कुणी सांगत नाही, तेवढंच दूध ब्रशच्या आधी द्यायचं आहे. (बाळाला ते नेहमी उकळूनच द्या.) बाटलीची सवय लागलेली असेल तर रोज त्यात थोडं थोडं पाणी वाढवत न्या. शेवटी नुसतं पाणी उरतं आणि बाळाचा त्यातला रस आपोआप संपतो. रात्रीच्या बाटलीच्या दुधात असं करा, दिवसाच्या दुधात नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान बाटली सुटून पेला आला पाहिजे.

अंगावरचं दूध दातांसाठी तोडू नका. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही स्तनपान सुरू ठेवायला सांगते. फक्त बाळ वरचं खायला लागलेलं असेल, तर झोपण्यापूर्वी दात नीट घासलेले असू द्या, म्हणजे अन्नाचे कण आणि दूध एकत्र राहत नाहीत. वर्षानंतर बाळ रात्रभर तोंडात धरून झोपत असेल तर झोप लागल्यावर हलकेच सोडवा, आणि जमेल तेव्हा ओल्या फडक्याने दात पुसून घ्या.

खोकल्याची, तापाची सिरप गोड असतात. शक्य तेव्हा ती ब्रशच्या आधी द्या. मध्यरात्री द्यावी लागली तर वर दोन घोट पाणी पाजा.

८. रडलं तर, तोंड मिटलं तर

दहा-अकरा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ कठीण असतो. बाळ तोंड घट्ट मिटतं, ब्रश हिसकावतं, पाठ ताणून निसटतं. मला उपयोगी पडलं ते सांगते.

आधी बाळाला एक ब्रश हातात द्या, चावू दे, बाहुलीचे दात घासू दे. हे बसूनच करायचं. ब्रश तोंडात घालून पळताना पडलं तर टाळूला जखम होते. मग "आता आईची पाळी" म्हणून दुसऱ्या ब्रशने आपण घासायचं. रोज तेच एक बडबडगीत म्हणा आणि गीत संपलं की ब्रश थांबवा, एक दात राहिला असला तरी. हे कधी संपणार ते बाळाला कळलं की निम्मं रडणं कमी होतं. दात मोजत घासणंही छान: एक, दोन, तीन, आज नवा आलाय का बघू.

मोठ्या भावंडाचे दात त्याच वेळी घासा. बाळाला नक्कल करायची असते.

मोबाइल दाखवून घासू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. काही दिवस सोपं जातं आणि मग मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही.

आणि तरीही रडलं तर? प्रेमाने धरून, पटकन, नीट घासा. रडताना तोंड उघडंच असतं. लस टोचतानाही ते रडतं, म्हणून आपण लस चुकवत नाही. पण रोजच्याच एका जागी हात लावला की किंचाळत असेल, तर तिथे दाढ येतेय, तोंड आलंय की कीड लागलीय, ते टॉर्च लावून बघा. "हट्टी आहेस" असं बाळाला म्हणू नका, मारून तर अजिबात घासू नका.

उलटी झाली असेल तर लगेच ब्रश नको. आम्लाने दातावरचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ पडतं. पाणी पाजा आणि अर्ध्या तासाने घासा.

९. गूळ, काकवी, मध आणि प्रसाद

कोल्हापुरात राहून गोडापासून बाळाला लांब ठेवणं सोपं नाही. गुऱ्हाळं सुरू झाली की गावाहून काकवी येते, चपातीला गूळ-तूप लावून भरवलं जातं, नृसिंहवाडीहून कवठाची बर्फी आणि पेढे येतात. "साखर देत नाही हो, गूळच देतो" असं अभिमानाने सांगितलं जातं. आपला गूळ कितीही चांगला असला तरी दातातल्या जंतूंसाठी तो साखरच आहे, आणि चिकट असल्याने जास्त वेळ चिकटून राहतो. दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ न घालणंच चांगलं. त्यानंतर द्यायचं तर जेवणासोबत एकदाच द्या. दिवसभर थोडं थोडं चघळायला देणं सर्वांत वाईट. दर वेळी नव्याने आम्ल तयार होतं आणि दाताला सावरायला वेळ मिळत नाही.

मध एक वर्षाच्या आत थेंबभरही नको. बाळगुटीत नको, चोखणीला लावून तर मुळीच नको. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते लहान बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बोट्युलिझम म्हणतात त्याला, आणि तो जिवावर बेतू शकतो.

बोरन्हाणाला डोक्यावरून हलवा, चुरमुरे, बोरं पडतात. सोहळा करा, फोटो काढा, पण जमिनीवरचं बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. बोराची बी आणि हलव्याचा कडक दाणा घशात अडकतो.

आणखी एक सवय बघा. घास आपल्या तोंडात घालून मऊ करायचा, चमचा चाटून बघायचा आणि तोच बाळाला द्यायचा. दात किडवणारे जंतू मोठ्यांच्या लाळेतून बाळाकडे जातात. घरात कुणाचे दात किडलेले असतील तर ते भरून घ्या, बाळाच्या आईचे तर आधी.

१०. महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

उजेडात बसा, वरचा ओठ उचला आणि दात हिरडीला मिळतो ती कड बघा. तिथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण असते. ह्या टप्प्यावर फ्लोराइडने आणि खाण्याच्या सवयी बदलून ती थांबू शकते, म्हणून त्याच आठवड्यात डेंटिस्ट गाठा. तपकिरी रंग किंवा खड्डा दिसला तर कीड पुढे गेलेली आहे. हिरडीवर पुळी आली किंवा गाल सुजला तर त्याच दिवशी जा, तापाची वाट बघू नका.

दातावर काळे डाग दिसले आणि बाळाला लोहाचं औषध सुरू असेल तर घाबरू नका. सहा महिन्यांनंतर अंगणवाडी किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या सिरपने असे वरवरचे डाग पडतात. औषध बंद करायचं नाही. ते जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा. डाग डेंटिस्ट काढून देतात. तो डागच आहे, कीड नाही, ह्याची खात्री मात्र त्यांच्याकडूनच करून घ्या.

११. डेंटिस्टकडे पहिली भेट

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा जाऊन या. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा गेलं की बाळाच्या मनात ती जागा आणि दुखणं जोडलं जातं. लहान मुलांचे दात बघणारे वेगळे तज्ज्ञ असतात, त्यांना पेडोडॉन्टिस्ट म्हणतात. ते मिळाले तर उत्तम, नाहीतर लहान मुलं शांतपणे तपासणारे कुठलेही डेंटिस्ट चालतील. फोन करताना "एक वर्षाचं बाळ बघता का?" असं आधी विचारा. "दात पडायला लागले की आणा" असं उत्तर आलं तर दुसरे शोधा. बाळाची दुपारची झोप झाल्यावरची वेळ घ्या.

सोबत न्या: लसीकरणाचं कार्ड, सुरू असलेल्या औषधांची नावं किंवा बाटल्यांचे फोटो, वापरत असलेल्या पेस्टचा खोका. सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपरसाठी पालकांचं आधार कार्ड.

विचारा: पेस्ट कुठली आणि किती, घासण्याची पद्धत बरोबर आहे का (तिथेच करून दाखवा), फ्लोराइडचं वार्निश लावायची गरज आहे का, आणि पुन्हा कधी यायचं. वार्निश म्हणजे दातांवर लावायचा पातळ लेप. गरजेनुसार दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात, काही मिनिटांचं काम असतं आणि दुखत नाही.

बाळ अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. २०१३ पासूनच्या ह्या कार्यक्रमात दातांचे विकारही धरलेले आहेत. तपासणीच्या दिवशी बाळाला मुद्दाम पाठवा, आणि सेविकाताईंना सांगून दात बघायला लावा. पथकाने पुढे पाठवायला सांगितलं तर तो कागद जपून ठेवा.

१२. चूळ, थुंकणं आणि ब्रश हातात देणं

तीन वर्षांच्या सुमारास मूल थुंकायला शिकतं. पेस्ट थुंकू दे, पण त्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरायला लावू नका. सगळं फ्लोराइड धुऊन जातं.

मुलाला स्वतः घासायचं असतं, जरूर घासू दे. त्यानंतर एक हात मोठ्यांचा फिरला पाहिजे, आणि तो सात-आठ वर्षांपर्यंत फिरला पाहिजे. मनगटाची ती बारीक हालचाल त्याआधी जमत नाही. आता आरशासमोर उभं करा, मुलाची पाठ आपल्या पोटाला, डोकं मागे टेकलेलं, आणि वरून घासा.

सहाव्या वर्षाच्या आसपास तोंडात सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्याही पलीकडे, दोन्ही बाजूंना वरखाली एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं बहुतेक घरांत लक्षातही येत नाही, किंवा तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची दाढ आहे. अर्धवट बाहेर असताना ती शेजारच्या दाढांपेक्षा खाली राहते आणि सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो. म्हणून पाच वर्षं पूर्ण झाली की दर महिन्याला टॉर्च लावून मागे बघा. ती दिसली की ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तिचा माथा वेगळा घासा, आणि तिच्या खोल खाचा लेपाने बुजवायच्या का, हे पुढच्या भेटीत डेंटिस्टना विचारा.